सत्तर हजार, पक्कं बिल आणि एक गेमिंग पीसी

नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीचा बोनस खात्यात जमा झाला आणि मी ठरवून टाकलं की या वेळी सोनं नाही, एफडी नाही, गेमिंग पीसी. सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, वय अडतीस, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत आईबरोबर राहते. वय मुद्दाम सांगितलं, कारण पुढे दुकानादुकानांत त्याचा संबंध आला.

बजेट सत्तर हजार. त्यात मॉनिटर आणि यूपीएस धरून. कीबोर्ड-माऊस जुनेच वापरायचे. हार्डवेअरमधलं मला फार कळत नव्हतं, पण हिशोब कळतो, आणि हे काम निम्मं हिशोबाचंच निघालं. मराठीत याबद्दल वाचायला फारसं सापडलं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते आहे. किमती त्या वेळच्या आहेत. आज दुकानात गेलात तर वेगळ्या निघतील, पण विचार करायची पद्धत तीच राहील.

डिसेंबर पीसी जोडायचे व्हिडिओ बघण्यात गेला. त्यातला पहिला घोळ डॉलरचा. व्हिडिओतला माणूस सांगतो की अमुक ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं पडद्यावर काढणारा भाग) दोनशे डॉलरला मिळतं. तेव्हा डॉलर त्र्याऐंशीच्या आसपास होता, म्हणजे झाले साडेसोळा हजार. इथे तेच कार्ड वीसच्या पुढे. आधी वाटलं लूट आहे. मग लक्षात आलं की अमेरिकेत सांगितलेल्या किमतीत कर धरलेला नसतो आणि आपल्याकडे त्यावर अठरा टक्के जीएसटी बसतो. तो लावला की साडेएकोणीस होतातच. वर आयातदाराचं, दुकानदाराचं थोडंफार. तेव्हा तिकडचे 'बजेट बिल्ड' बघा, पण आकडे उतरवून घेऊ नका.

ठाणे स्टेशनजवळच्या दुकानांत चौकशी केली तर पहिला प्रश्न ठरलेला, "आय-फाइव्ह की आय-सेव्हन?" म्हणजे सुरुवात प्रोसेसरपासून. माझा मावसभाऊ या बाबतीत शहाणा. तो म्हणाला, "ताई, प्रोसेसर राहू दे. काय खेळणार आहेस आणि कुठल्या स्क्रीनवर, ते आधी लिहून काढ." हा सल्ला मला सगळ्यांत उपयोगी पडला. गेम ठरला की स्क्रीन ठरते, स्क्रीनवरून ग्राफिक्स कार्ड, कार्डावरून प्रोसेसर, आणि उरलेल्या वस्तू या दोघांना पुरतील अशा घ्यायच्या.

माझी यादी छोटी होती, दोनच गेम. एल्डन रिंग पीसीवर सेकंदाला साठ फ्रेमच्या (चित्रांच्या) वर जातच नाही, तशीच मर्यादा घातलेली आहे. मग १६५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरसाठी तीन-साडेतीन हजार जास्त कशाला मोजू? चोवीस इंची, फुल एचडी, आयपीएस, १०० हर्ट्झ. संपला विषय. (व्हॅलोरंटसारखे नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांनी मात्र हर्ट्झमध्ये काटकसर करू नये.) रेड डेड रिडेम्प्शन २ हा एकच गेम दीडशे जीबी जागा मागतो, म्हणून पाचशे जीबीची एसएसडी बाद, एक टीबी हवी. अशा रीतीने खेळायच्या गेम्सनीच अर्धी यादी भरून दिली.

कार्डावर सगळ्यात जास्त दिवस घालवले, आणि घालवावेत, कारण जवळजवळ एक तृतीयांश पैसा तिथे जातो. माझ्या पट्ट्यात तीन नावं येत होती. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, त्याचंच ३०६० आणि एएमडीचं आरएक्स ६६००. फुल एचडीवर ६६०० हे ३०५० पेक्षा सरळ सरळ वेगवान आहे. ३०६० ची मेमरी १२ जीबी आणि रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं तंत्र) ते सरस, पण पाच-सहा हजार जास्त. ६६०० ला मेमरी ८ जीबी, वीज १३२ वॅट, म्हणजे पॉवर सप्लायही मोठा लागत नाही. मला रे ट्रेसिंगचं विशेष कौतुक नाही. ६६०० नक्की केलं.

सेकंडहँडचा मोह झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून ते चलन मिळवणं) बंद पडल्यावर त्यात राबलेली कार्डं बाजारात आली आणि ती तेव्हाही फिरत होती. ऐरोलीच्या एका मुलाकडे ३०६० होतं, भाव चांगला सांगत होता. मी बिल मागितलं, तर "बिल हरवलं, पण वॉरंटी सिरियल नंबरवर आहे" असं उत्तर आलं. काही कंपन्यांची वॉरंटी खरोखर सिरियल नंबरवर चालते, पण काही मूळ बिल मागतात. ही कंपनी कुठली ते त्याने आधी सांगितलं नाही. मी नमस्कार केला.

प्रोसेसर मग रायझेन ५ ५६००. सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आणि पंखा पेटीतच येतो. त्याच नावाला पुढे 'जी' लागला की ५६००-जी, त्यात ग्राफिक्स आतच असतात. ज्यांना आत्ता कार्ड परवडत नाही त्यांनी तो घेऊन नंतर कार्ड लावावं. इंटेलचा आय-थ्री १२१००-एफ याहून स्वस्त पडला असता, पण त्यात चारच कोअर. नवीन एएम-५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) मदरबोर्ड घ्या, पुढे अपग्रेड होईल, असं बरेच जण सांगतात. बरोबर आहे, पण त्याला डीडीआर-५ रॅम लागते आणि बोर्डही महाग. तो फरक मी कार्डात घातला. शिवाय ५६०० ज्यावर बसतो त्या जुन्या एएम-४ वरही उद्या ५८००-एक्स-थ्रीडी हा जास्त वेगवान प्रोसेसर बसतो.

पॉवर सप्लायबद्दल मात्र मी हट्टी आहे. आपल्याकडे कॅबिनेटबरोबर '५०० वॅट' लिहिलेला एक डबा फुकटात गळ्यात मारतात. घेऊ नका. आणि पेटीवर '८० प्लस ब्राँझ' दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. तो शिक्का वीज किती वाया जाते त्याचा आहे, आतल्या मालाच्या दर्जाचा नव्हे. मी वॉरंटी बघितली. पाच वर्षं द्यायला तयार असलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा घेतला.

मग एक्सेल. रकाने चार: वस्तू, पहिली पसंती, दुसरी पसंती, आणि 'याच्या वर एक रुपया नाही'. हा चौथा रकाना दुकानात उभं असताना फार आधार देतो.

१३ जानेवारीला, शनिवारी, लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून पश्चिमची स्लो पकडून ग्रँट रोड. पूर्वेला उतरून चालत पाच-सात मिनिटं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना शनिवारच मिळतो, आणि गर्दीही शनिवारीच. अकराच्या सुमारास पोचलात तर दुकानदार दोन शब्द नीट बोलतो. दुपारी चारनंतर तुमच्यामागे आणखी पाच जण उभे असतात.

"मॅडम, बेटे के लिए?" हे पहिल्या दुकानात. दुसऱ्यातही. तिसऱ्यात मीच आधी सांगितलं, "मेरे लिए." काउंटरवरचा मुलगा क्षणभर थांबला आणि मग एकदम उत्साहाने विचारायला लागला की काय खेळता. व्यवहार अर्थातच त्याच दुकानाशी केला, पण त्याचं कारण भावही होता.

भाव विचारताना एक गोष्ट पहिल्याच वाक्यात विचारा, जीएसटी धरून की वेगळा? एका ठिकाणी ६६०० चा भाव १७,६०० ऐकून मी उडालेच. मग हळूच, "प्लस जीएसटी." म्हणजे २०,७६८. आणि प्लस नको असेल तर? "कच्चा बिल ले लो." आता माझा पोटापाण्याचा धंदाच हिशोबाचा, मी कच्चं बिल घेणार नव्हते. पण तत्त्व बाजूला ठेवलं तरी कच्च्या बिलावर तीन वर्षांची वॉरंटी मागायला कुठल्या तोंडाने जाणार? पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो पेटीवरच्या नंबराशी तिथेच, काउंटरवर ताडून बघा. मी ताडत असताना मागचा माणूस वैतागला होता. वैतागू दे. कार्डाने पैसे दिले तर बरीच दुकानं दोन टक्के जास्त लावतात, त्यामुळे यूपीआय.

"६६०० छोडो, ३०५० ले जाओ, एनवीडिया है" हा आग्रह जवळपास सगळीकडे झाला. "पूरा पीसी हम बना देते हैं" हाही. एका पॅकेजमध्ये भाव खरंच आकर्षक होता. पॉवर सप्लाय कुठला असं विचारलं तर "अच्छावाला है". नाव काही शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटी एकाच दुकानातून चार वस्तू घेतल्या. प्रोसेसर ११,४००, बी-४५० चिपसेटचा मदरबोर्ड ६,३००, सोळा जीबी रॅम (आठ-आठच्या दोन, डीडीआर-४, ३२०० वाल्या) ३,५०० आणि ते ६६०० कार्ड २०,७६८. रॅम सोळाची एक न घेता आठच्या दोनच घ्या, दोन चॅनेल चालतात आणि गेममध्ये फरक दिसतो.

बोर्डाबाबत एक जपा. बी-४५० हा चिपसेट ५६०० च्या आधीचा. जुना स्टॉक असेल तर बोर्डातलं बायोस (पीसी चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम) या प्रोसेसरला ओळखत नाही आणि पडद्यावर काहीच येत नाही. पेटीवर 'रायझेन ५००० रेडी' असं स्टिकर असेल तर काळजी नाही. माझ्या पेटीवर नव्हतं. दुकानात अशा कामासाठी एक जुना प्रोसेसर ठेवलेला असतो, तो लावून त्यांनी बायोस अपडेट करून दिलं. तीनशे रुपये आणि तासभर. तोवर कोपऱ्यावर वडापाव आणि चहा. बी-५५० घेतला असता तर हा प्रश्न बहुधा आला नसता, पण अडीच-तीन हजार जास्त गेले असते.

येताना लेडीज डब्यात बसायला मिळालं. मांडीवर बेचाळीस हजारांची पिशवी, दादर ते ठाणे मी फोनही बाहेर काढला नाही.

बाकीचं ऑनलाइन घेतलं, कारण कॅबिनेट आणि मॉनिटर लोकलमधून आणणं माझ्याच्याने होणार नव्हतं. २६ जानेवारीच्या सेलची वाट पाहिली. एसएसडी ५,१००, पॉवर सप्लाय ४,२००, जाळीदार तोंडाची तीन पंख्यांची कॅबिनेट ३,३००, मॉनिटर ८,९००. सेलमध्ये किमती आधी वाढवून मग उतरवतात असं ऐकलं होतं, म्हणून माझ्या एक्सेलमधल्या डिसेंबरच्या भावाशी ताडून बघितलं. मॉनिटर खरंच उतरला होता. एसएसडी जिथल्या तिथे होती.

महिनाअखेरीस पार्सलं आली. प्रत्येक पार्सल उघडताना मावसभावाने व्हिडिओ काढला, लेबलपासून सुरुवात, मध्ये कुठेही न थांबवता. मला ते जरा अतीच वाटत होतं. कॅबिनेटची पेटी हलवली आणि आतून खळ्ळकन आवाज आला. बाजूची काच, पूर्ण चुरा.

तक्रार नोंदवायला ४८ तासांची मुदत. व्हिडिओ, पेटीच्या सहाही बाजूंचे फोटो, लेबलचा जवळून फोटो, बिलाची प्रत. हे सगळं पाठवल्यावर दोन दिवसांनी ईमेल आला की पेटीचे फोटो पाठवा. तेच फोटो परत पाठवले. मग "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे". फोनवरची मुलगी रोज वेगळी, प्रत्येकीला पहिल्यापासून कहाणी सांगायची. नवी कॅबिनेट यायला दोनेक आठवडे लागले. व्हिडिओ नसता तर आलीच नसती असं मला वाटतं.

दरम्यान दुसरी चिंता. पॉवर सप्लाय, एसएसडी, मॉनिटर यांची बदलून घ्यायची मुदत सात-दहा दिवसांची असते. कॅबिनेट येईपर्यंत थांबले असते तर ती निघून गेली असती, आणि मग वस्तू खराब निघाली तर सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या. यावर उपाय आहे. कॅबिनेट नसतानाही सगळं चालवून बघता येतं. मदरबोर्डची पुठ्ठ्याची पेटी हेच टेबल. ३ फेब्रुवारीला आमच्या जेवणाच्या टेबलावर हा उद्योग केला.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. दोन्ही जुळवायचे, वरून सोडायचा, दाबायचा नाही. एएम-४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, एक वाकली तर अकरा हजार गेले. मग पंखा. त्यासाठी बोर्डावरचे दोन प्लॅस्टिकचे कंस काढावे लागतात, आणि ते काढले की बोर्डामागची लोखंडी पट्टी सुटून खाली पडते. हे कोणी सांगत नाही. मागून एक हात लावून ठेवा, मग चारही स्क्रू कर्णाच्या दिशेने थोडे थोडे आवळा. थर्मल पेस्ट पंख्याला आधीच लावलेली असते. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कार्ड लावलं, दोन्ही पॉवरच्या केबल, आठ पिनांची कार्डाची केबल. मॉनिटरची केबल कार्डाला लावायची. बोर्डाच्या मागे पण तसंच भोक असतं, पण ५६०० मध्ये ग्राफिक्स नसल्यामुळे तिथे लावलं तर पडदा काळाच राहतो. सुरू करायला बटण नव्हतं, म्हणून बोर्डावरच्या पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं.

पंखे फिरले. पडद्यावर बायोस आलं, रॅम सोळा जीबी, एसएसडी दिसत होती. आई आतून म्हणाली, "झालं का? पोळ्या वाढायच्यात."

नाही झालं. कार्डाच्या लोखंडी पट्टीला बोट लागलं आणि मुंग्या आल्या. परत लावलं, परत मुंग्या. लगेच मेन बंद केला आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, बरोबर. फेज आणि अर्थमध्ये नव्वद, तोही आकडा हलता. "ताई, तुमच्या प्लगला तीन भोकं आहेत, पण तिसऱ्याला वायरच नाही." इमारतीच्या मीटर रूममध्ये अर्थिंग होतं, आमच्या घरापर्यंत कोणी आणलंच नव्हतं. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज अर्थकडे जायला बघते. तिला वाट नसली की ती लोखंडावर येऊन थांबते.

मीटर रूम उघडायला सोसायटीकडे अर्ज. सेक्रेटरींनी विचारलं, "गेम खेळायला अर्थिंग कशाला?" मी अर्जात फ्रिज आणि गिझर लिहिलं, जे खोटं नव्हतं, त्यांनाही अर्थिंग नव्हतंच. चार-पाच दिवसांत सही झाली. वायर ओढून आणायचे १,८०० रुपये. आता फेज-अर्थ २३० च्या जवळ, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन व्होल्ट. जुन्या इमारतीत राहत असाल तर पीसीचे भाग घ्यायच्या आधी हे तपासून घ्या.

१७ फेब्रुवारीला कॅबिनेटमध्ये बसवलं. बोर्ड आधी चालवून पाहिलेला असल्यामुळे दडपण नव्हतं. मागची पत्र्याची पट्टी बोर्डाच्या आधी लावायची, आणि बोर्डाखालचे पितळी खुंटे भोकांशी जुळताहेत ना ते बघायचं. सगळ्यात वेळखाऊ काम समोरच्या बटणांच्या त्या नखाएवढ्या पिना. मॅन्युअलचं पान उघडं ठेवून, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून, एकेक लावल्या.

सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० चे पैसे देऊन घेतलेली रॅम कमी वेगाने धावत राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. मॉनिटरही बऱ्याचदा ६० हर्ट्झवर सुरू होतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये १०० निवडावं लागतं.

विंडोजचा अस्सल परवाना दहा हजारांच्या वर जात होता. "पाचशेत अ‍ॅक्टिव्हेट करून देतो" म्हणणारे भेटले, त्यांना नको म्हटलं. मी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. एएमडीच्या कार्डाचा ड्रायव्हर त्यात आधीच असतो, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम) माझे दोन्ही गेम चालतात. व्हॅलोरंट मात्र लिनक्सवर चालत नाही, तेव्हा मुलांसाठी घेत असाल तर विंडोजचा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.

हिशोब: भाग, मॉनिटर आणि बायोसचे तीनशे मिळून ६३,७६८. एक केव्हीएचा यूपीएस ५,२००, तो सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता, खेळत बसण्यासाठी नव्हे. एकूण ६८,९६८. अर्थिंगचे अठराशे मी घरखर्चात टाकले. आईने हरकत घेतली नाही, कारण गिझरची भीती तिलाही होती.

वॉरंटीची नोंदणी त्याच आठवड्यात उरकली. काही कंपन्या खरेदीपासून ठरावीक दिवसांत नोंदणी मागतात. पॉवर सप्लायच्या वेबसाइटला बिल दोन एमबीच्या आत हवं होतं, कार्डाच्या वेबसाइटला सिरियल नंबरातला शून्य आणि 'ओ' यातला फरक मी तीनदा टाकल्यावर पटला. सगळी बिलं स्कॅन करून ईमेलवर स्वतःलाच पाठवली आहेत, कारण थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात. पेट्या माळ्यावर आहेत. आईला त्या रद्दीत द्यायच्या आहेत. मॉनिटरची आणि कार्डाची तरी तीन वर्षं ठेवायची, एवढ्यावर आमचा समझोता झाला आहे.